गोल माथा

खाडीवर पूल व्हायच्या आधी आम्ही शिरवण्यात राहत होतो. रोज सकाळी एक कोळीण मासळी घेऊन दारात यायची. मी तिला नुसतं मावशी म्हणायची. पाटी उतरवायच्या आधीच तिची नजर ओटीवर चटईवर झोपलेल्या माझ्या तान्ह्या मुलीकडे जायची.

"परत तीच बाजू! मान फिरव गो बाय, डोका चपटा व्हईल."

हाताला मासळीचा वास म्हणून ती मुलीला कधी शिवायची नाही. हात पाठीमागे बांधून हनुवटीनेच हुकूम सोडायची. मुलगी सारखी दाराच्या उजेडाकडे बघायची, म्हणून मावशीने तिची झोपायची दिशाच बदलायला लावली. आज इकडे पाय, उद्या तिकडे. माझ्या आईने हौसेने शिवलेली मोहरीची उशी तर तिने पहिल्याच दिवशी काढायला लावली. "तोंडावर आली मंजे? उतानी निजव, उशी नको." मला राग यायचा. मग बोंबील घेताना मी मुद्दाम जास्त घासाघीस करायची.

एकदा न राहवून मी म्हणाले, "मावशी, डोक्याच्या गोलाईचं एवढं काय घेऊन बसलीस?"

 ती डोक्यावरची चुंबळ काढून माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, "हात लाव."

पाटीखाली वर्षानुवर्षं दबलेला तिचा माथा पाटासारखा सपाट लागला. तिथे केस उरलेच नव्हते.

"पोरीचा डोका गोल र्‍हाऊ दे," मुलीकडे बघत ती म्हणाली. "असा गोल, का कुनी पाटी ठेवली तं घरंगळून पडली पायजे."