आक्काचा डावा पाय

आमची कावेरीआक्का आईच्या पोटातून पायांकडून आली, आणि एवढ्या भांडवलावर तिने सारं आयुष्य मानात काढलं. पायाळू माणसाने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, हे आमच्या अर्धापूरकडे शेंबडं पोरही सांगेल. ती माझी थोरली जाऊ. मी लक्ष्मी, धाकटी. डोक्याकडून आलेली, म्हणजे कुणाच्या कामाची नाही. तोंडावर मी तिला ‘तुमी’ म्हणते, मनात कधीच म्हटलं नाही.

मला तिचा हेवा वाटायचा; उगाच गोड कशाला बोलू? दारात सारखं कुणीतरी कंबर धरून उभं असायचं. आक्का बाजेवर बसायची, आलेला माणूस खाली पालथा पडायचा. ती डावा पाय तीनदा टेकवायची आणि थोरामोठ्याला पाय लागला म्हणून हात जोडायची. गावाला दरडावणारे किशनरावसुद्धा तिच्यापुढे पालथे! आणि चहा मी करायचा. वीज कडाडली की सासूबाई आधी तिला घरात ओढायच्या, पायाळूवर वीज पडते म्हणून. अंगणातलं वाळवण गोळा करायला मी. माझ्यावर पडली असती तर चाललं असतं.

लेकीच्या, साक्षीच्या वेळच्या बाळंतपणापासून माझ्या कमरेखाली, उजवीकडच्या खळग्यात कळ निघायची. कूस बदलताना, पायरी चढताना, पाटावरून उठताना. साक्षी आता लातूरला बारावीला आहे, म्हणजे बघा किती वर्षं झाली. आक्काने कितीदा तरी पाय लावला. गावाचं दुखणं उतरायचं, माझं तेवढं नाही. मग माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की ही माझ्या पाठीवर मुद्दाम हलका पाय ठेवते. किशनरावांसाठी जीव ओतते, मला नुसतं पुसून काढते. आमच्या मळ्यातले केळीचे घड वाहायला जाऊ वाकलेलीच बरी, नाही का!

यंदा साक्षीने हट्ट धरला, म्हणून मालकांनी मला नांदेडला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. गीतांजली मॅडम किल्लारीकडच्या, वयाने पोरसवदा. म्हणाल्या, “एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं.” मी बोट ठेवलं. “पुन्हा दाखवा.” बोट तिथेच गेलं. त्यांनी पाय वळवून, दाबून पाहिलं.

“ही उसण नाही, मावशी. माकडहाडाच्या वर, कमरेचं हाड जिथे पाठीच्या कण्याला जोडलेलं असतं, तो सांधा दुखतोय. उसण म्हणजे आखडलेला स्नायू. ती चार-आठ दिवसांत तशीही उतरते, कुणी पाय लावा नाहीतर लावू नका.”

हे शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणलं. जीपमध्ये मी एकटीच हसत होते. आक्काची सगळी पुण्याई एका वाक्यात माझ्या मुठीत आली होती.

व्यायाम तीन होते. गुडघ्यांत उशी धरून दाबायची, उताणं झोपून कंबर उचलायची, आणि तिसऱ्याला दुसरं माणूस लागायचं. मालक तर पहाटेच केळीच्या टेम्पोबरोबर जातात. पुढच्या खेपेला आक्का आपणहून निघाली. “बघू तरी, ती पोरगी काय करून राहिली.” ती जळत होती आणि मला गारगार वाटत होतं.

दवाखान्यात तिने ठसक्यात सांगितलं, “म्या पायाळू हाय.”

मॅडम हसल्या नाहीत. “मग तुम्ही पायानेच करा. पण लाथ नको, झटका नको. या गुडघा बाहेर ढकलतील. तुम्ही बाहेरून पाय लावून तो हलू द्यायचा नाही. पाच मोजेपर्यंत.” मी साडी नीट करत होते तेवढ्यात दोघी आत काहीतरी बोलत बसल्या.

मग रोज सकाळी मी चटईवर, ती बाजेवर, तिचा डावा पाय माझ्या गुडघ्याला. दोन महिन्यांनी एक दिवस मी भिंतीला हात न लावता पाटावरून उठले.

गावाच्या नजरेतून काही सुटत नाही. ओसरीवर पापड लाटायला बायका जमल्या, तेव्हा किशनरावांच्या मालकिणीने विचारलंच, “लक्ष्मे, कशानं उतरलं गं तुझं?”

सगळ्यांचे हात थांबले. आक्काचा नाही. ती खाली मान घालून एकच पापड लाटत राहिली. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांच्या चहाचा वचपा निघाला असता. आक्काचा पापड पातळ होत गेला आणि मधोमध फाटला, तरी तिचं लाटणं थांबेना.

“आक्काच्या पायानं,” मी म्हणाले.

संध्याकाळी ओसरीवर तीन माणसं पालथी. मी चुलीपुढे. जळफळाट पहिल्यासारखाच, उलट जास्त, कारण या वेळी आग मीच लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पाय लावून आक्काने विचारलं, “काल खोटं कामून बोललीस?”

“खोटं कसं? पाय तुमचाच व्हता की.”

पाच मोजून झाले, तरी तिने पाय काढला नाही. “उसण आपुआप उतरती, हे त्या मॅडमनं मलाबी सांगितलं. मला कवाचंच म्हाईत व्हतं. लोक बरे व्हायचे, मी हात जोडायची. तुझी एकटीची पाठ खरं बोलायची. म्हून तुझा लई राग यायचा. भ्याव वाटायचं तुझं.”

माझं भ्याव? मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मनातलं विचारून टाकलं, “म्हंजे तुमी माझ्या पाठीवर मुद्दाम हलका पाय ठेवत न्हवत्या?”

“हलका?” आक्का म्हणाली. “अगं, सगळ्यांत जास्ती जोर तुझ्याच पाठीवर लावायची.”

मग माझ्या गुडघ्यावर पायानेच टिचकी मारून म्हणाली, “ढकल आता. अजून दोन बाकी हायेत.”