आमच्या मोटरीवरची मगर

पिंजरा ट्रॉलीवर चढला होता.

"मॅडम, सात मगरी आहेत. गावाचा ठराव आहे. उद्या सकाळी पिंजरा लावतोय," वनखात्याचे साहेब म्हणाले.

"सर, सात कुणी मोजल्या?"

"गावाने."

हे पलूसच्या बाजूचं, कृष्णाकाठचं गाव. मी शिकले कोकणातल्या डॉल्फिनवर. त्याला पकडायचं नाही, हात लावायचा नाही. लांबून पाठीवरच्या पराचा फोटो घ्यायचा. पराच्या कडेला खाचा असतात, त्यावरून जनावर ओळखू येतं. मगरीचंही तसंच. शेपटीवर करवतीसारखे उभे खवले असतात. प्रत्येकीचे तुटलेले, झिजलेले वेगळे. याला आम्ही फोटो-आयडी म्हणतो. नाव मोठं, काम उन्हात बसायचं.

पंधरा दिवस मी समोरच्या काठावर छत्री घेऊन बसले होते. मला एकच मगर दिसत होती. मादी. काठाच्या वाळूत तिची अंडी होती. मादी उचलली की घोरपडी अंडी फस्त करणार, आणि फायलीत लिहिलं जाणार 'यशस्वी कारवाई'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

संध्याकाळी पाणीपुरवठा संस्थेच्या ऑफिसात बैठक बसली. नदीवर उसाला पाणी ओढणाऱ्या सात मोटरी, त्यांचे सात मालक. सगळ्यात तापलेले आबा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाचं पाण्यातलं तोंड, कचऱ्यानं तुंबला की ते स्वतः नदीत उतरायचे. त्यांची भीती खोटी नव्हती.

"आमच्या मोटरीवरची लय मोठी हाय," आबा म्हणाले.

"आवं, आमची बघा की! दांडगी हाय," शेजारचे मालक म्हणाले.

मगरीतसुद्धा ईर्षा! मी म्हटलं, "मोबाईलमधले फोटो द्या सगळ्यांनी."

सातही फोटो लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावले. "आबा, शेपटी बघा. मधला खवला अर्धा तुटलाय."

आबांनी चष्मा पुसला. "व्हय, ही आमची." दुसरा फोटो. "ही बी आमचीच." तिसऱ्यावर ते अडकले. "च्यायला, हितं बी हीच हाय की!"

"मंग बाकीच्या कुटं गेल्या?" शेजारचे मालक म्हणाले.

"बाकीच्या न्हाईतच, गड्या. आपुन एकच सात बारी मोजली!"

ऑफिस हसून दणाणलं. साहेब तेवढे हसले नाहीत. "एक असली तरी मगरच आहे ना?"

बरोबर होतं त्यांचं. पण अंड्यांजवळ फक्त आबांची मोटर होती, आणि मादी तिथेच माणसावर धावायची. मी ते दाखवलं. मग बाकीच्या सहा जणांनीच हात लावून आबांचा पाइप वरच्या अंगाला हलवला, फूटव्हॉल्व्हला जाळी ठोकली. आबांचं पाण्यात उतरणं संपलं. पिंजरा रिकामा परत गेला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला आबांचा फोन आला.

"मॅडम, पिल्ली निघाली! आई तोंडात धरून पाण्यात न्हेतीया. लांबनंच फोटो काढतोय, जवळ गेलो न्हाई."

"किती आहेत, आबा?"

"गडबड करू नगा. आदी वळखू द्या, मंग मोजतो."

आमच्या धंद्यात याहून जास्त शिकवण्यासारखं फारसं काही नाही.