हापशाचं पाणी

आमच्या दुकानासमोर मिशनच्या दवाखान्याचं अंगण आहे आणि त्या अंगणात एक म्हातारा हापसा आहे. त्याच्या दांड्याची करकर ऐकतच माझी सकाळ उजाडते. आमच्या शिरूरची जमीन पाण्याच्या बाबतीत मोठी चिक्कू, त्यामुळे पहिले कितीतरी हिसके नुसती हवा येते. मग खोल पोटातून उमाळा दाटून यावा तसं पाणी येतं, थंडगार, किंचित खारट, लोखंडाच्या वासाचं. देवत्वाचा विचार करताना लोकांना म्हणे प्रकाश आठवतो. मला हा वास आठवतो.

हा दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरबाई आता अंगणातल्याच लिंबाखाली कायमच्या निजल्या आहेत. दसरा सरला की अर्धा तालुका ऊसतोडीला जातो, घराघराला कुलपं लागतात. मागे राहिलेली म्हातारी माणसं, आजारी लेकरं, ओल्या बाळंतिणी या बाईंनी आयुष्यभर सांभाळली. आणि तरीही त्यांच्याबद्दल गावाचं एकमत कधीच नव्हतं. मरणाच्या दारातल्या लेकरांच्या कपाळावर त्या गुपचूप पाणी लावून त्यांना आपल्या धर्मात घेतात, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या घरात गळ्यात लिंग आणि कपाळी भस्म. माझ्या सासूबाई त्यांच्याकडून औषध घेत, पण पाणी घेत नसत. करुणेच्या पदराला असा हेतूचा डाग असला, तर तो पदर डोक्यावर घ्यावा की झटकून टाकावा?

यंदा दसऱ्याच्या आधी रोमच्या परवानगीने चौकशी सुरू झाली. सिस्टरबाईंना संत म्हणून घोषित करावं की नाही, हे ठरवण्याआधी त्यांचं भलंबुरं सगळं गोळा करायला एक फादर आले होते. दक्षिणेकडचे, मवाळ बोलणारे. आमची बोली त्यांना उमगेना आणि त्यांची कानडी मला माहेरची, म्हणून मला दुभाषी केलं. त्यांना खरी गाठायची होती ती केसरबाई. जवळच्याच वाडीची ही शेतकरीण. तिच्याच तान्ह्या मुलावरून पूर्वी तालुकाभर गदारोळ उठला होता. ती एक शब्द विरुद्ध बोलली असती, तरी संतपणाची वाट अडली असती.

केसरबाई लिंबाखाली येऊन बसली. पिकलेले केस, उन्हाने रापलेला चेहरा. ती सावकाश बोलली. घरातले सगळे तोडीला गेले होते, ती बाळंतीण म्हणून मागे राहिली होती. लेकरू तापाने निपचित पडलं. सिस्टरबाईंनी हापशाचं पाणी ओंजळीत घेतलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटल्या आणि त्याच्या कपाळावर ओतलं.

"मला वाटलं तीर्थच हाय," केसरबाई म्हणाली. "मी बोटानं तेच पानी पुसून त्याच्या तोंडात घातलं. जाताना लेकराला तीर्थ मिळालं म्हणून माझ्या जिवाला लई बरं वाटलं. मागून लोक म्हणले, तुझं लेकरू बाटलं."

मग तिने फादरांकडे रोखून पाहिलं. "एवढंच सांगा साहेब. माझं लेकरू कुणाच्या देवाकडं गेलं?"

मी तो प्रश्न त्यांच्या भाषेत सांगितला. "मला माहीत नाही," असं फादर म्हणाले, आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

केसरबाईने मान हलवली. तिचं बोलणं संपलं नव्हतं. तिच्या लोकांत तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि बाईने त्या जागेकडे पाऊल टाकायचं नाही असा दंडक. पण त्या दिवशी वाडीत खड्डा खणायला एक धडधाकट गडी नव्हता. सिस्टरबाईंनी कुदळ घेतली, केसरबाईला हाताला धरून सोबत नेलं आणि कडक मुरुमात स्वतः खणत राहिल्या. हाताची सालं निघाली, पण कुदळ थांबली नाही. त्यावरूनही गाव पेटलं होतंच.

"पानी मला न इचारता लावलं. ते चुकलं, मी चुकलंच म्हणीन," केसरबाई म्हणाली. "खड्डा बी न इचारताच खणला. माझ्या घरचं कुणी न्हवतं, ती होती. दोन्ही सांगा तुमच्या लोकास्नी. एकच सांगणार असाल, तर काईच सांगू नका."

न्यायाचा याहून चोख तराजू मी पाहिलेला नाही. इतकी वर्षं मी दुकानाच्या उंबऱ्यातून त्या बाईंना तोलत आले होते, कधी डाग बघून, कधी पदर बघून. ज्या आईचं सगळं गेलं होतं तिने मात्र दोन्ही एकाच ओंजळीत धरलं होतं.

केसरबाई उठली आणि हापशाकडे गेली. करकर, करकर. कितीतरी वेळ हवाच आली, मग पाणी आलं. ओंजळ भरून तिने ती सिस्टरबाईंच्या समाधीच्या दगडावर, डोक्याच्या बाजूला, रिती केली. मग कनवटीची पुडी सोडून त्या ओल्या दगडावर कुंकवाचं बोट टेकवलं. निकालाआधी अशी पूजा चर्चला चालत नाही; फादरांचा हात अडवायला किंचित उचलला गेला आणि तसाच खाली आला.

रोमचा निकाल यायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे. केसरबाईने मात्र कुणालाही विचारलं नव्हतं.