बिनचकाकीचा फोटो

गल्लीच्या तोंडाशी तिचं फोटो छापून द्यायचं दुकान होतं आणि सगळे तिला कागदताई म्हणायचे. कुणीतरी थट्टेत ठेवलेलं ते नाव तिने चक्क मिरवलं. गिऱ्हाईक प्रिंटरला बोल लावायला लागलं की ती म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं! झेरॉक्सच्या कागदावर शाई पसरणारच. टीपकागदावर कुणी चित्र काढतं का?" मग बोट ओलं करून ती नव्या कागदाच्या कोपऱ्याला लावायची. बोट चिकटलं, ती छापायची बाजू.

"मला पसंत करताना एवढं पारखलं नव्हतंस," नवरा चिडवायचा.

"म्हणून तर आता पारखते!"

सासऱ्यांची नजर हळूहळू चालली होती. समोरचं पुसट व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे तोवर बघून घ्या. त्यांना बघायचा होता फक्त गेलेल्या बायकोचा चेहरा. तिचा फोटो एकच, तोही तळहाताएवढा.

"मोठा करून दे गं," ते सुनेला म्हणाले. "एकदा नीट बघू दे."

कागदताईने दुकानातला सगळ्यात महाग, चकचकीत कागद काढला. काळा रंग असा झोकात उतरला की तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सासऱ्यांनी फोटो डावीकडे धरला, उजवीकडे धरला, पण चकचकीत कागदावर खिडकीचा उजेडच चमकत राहिला. "यात खिडकी दिसते."

"बाबा, याहून भारी कागद बाजारात नाही."

"भारी असेल. पण ही कुठाय?"

ते तिला चांगलंच झोंबलं. जगाला अक्कल शिकवणारी ती, फोटो कोण बघणार हेच विसरली होती. पण हात टेकणाऱ्यातली ती नव्हे. तिने चित्रकारांसाठी ठेवलेला जाड, खरबरीत, अजिबात न चकाकणारा कागद घेतला, प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार बदलला, सावल्या जरा उजळल्या आणि छापलेला फोटो दुपारभर वाळू दिला. हा जमणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

संध्याकाळी सासऱ्यांनी मान कलती करून डोळ्याच्या कडेने फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"ही हसत नाहीये," ते म्हणाले. "हसू दाबतेय! फोटोवाला म्हणत होता, हलू नका. आणि मी त्याच्या मागे उभा राहून हिला वेडावत होतो."

"द्या बाबा, फ्रेम करून आणते. काच लावली की टिकेल."

"काच नको." त्यांनी फोटो छातीशी धरला. "पुन्हा खिडकी यायची मधे."

उघड्या फोटोचा रंग लवकर उडतो, हे ती येईल त्या गिऱ्हाइकाला बजावायची. आज तिने फ्रेमचा विषय सोडून दिला; रंग उडायच्या आधी बाबांची नजरच जायची होती. ती सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि तिला रडू आवरेना.