समोरची काच

इटलीच्या व्हिसासाठी मी आणि बायको न्यूयॉर्कला गेलो होतो. रांगेत आमच्यापुढे एक काकू होत्या, साडीवर स्नीकर्स घातलेल्या. शेजारी फाइल धरून काका. आमच्यासारखेच तेही फ्लॉरेन्स, सिएना, रोम गाडीनंच फिरणार होते.

"ड्राइव्ह कोण करणार, मुलगा?" मी विचारलं.

"मी! इकडे एडिसनला राहायला आल्यावर साठीत लायसन्स काढलंय." बोलताना काकूंचे हात हवेत स्टिअरिंग फिरवत होते.

"तिकडे लोक बेफाम चालवतात हं."

"चालवू देत. आयुष्यभर ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले. महाबळेश्वरला गेलो, तेव्हाही वाटभर ह्यांची पाठच पाहिली. रोम मी समोरच्या काचेतून बघणार."

काका खुशीत हसले.

आमच्या ट्रिपचं सगळं ड्रायव्हिंग मीच करायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती काकूंचे हात बघत होती.