पोपटच्या गाडीची डावी बाजू

पोपट म्हात्रेने डोलवीच्या कंपनीत साहेबांच्या गाड्या चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःची गाडी घेतली. वापरलेली, लाल रंगाची, पण स्वतःची. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. उठला की आधी तो गाडीला बघायचा, मग चहाला.

त्याची आई ठमाबाई मात्र गाडीकडे वेगळ्याच हिशेबाने बघत होती. तिची धाकटी बहीण मैना रोह्याला राहायची. ठमाबाई लग्न होऊन पेणच्या खाडीकाठी मिठागरात आली, तेव्हापासून मैना एकदाही तिच्या घरी राहायला आली नव्हती. "खारटाणात काय यायचं?" म्हणून नाक मुरडायची. ठमाबाईच्या मनात ते सलत होतं.

"रविवारी मैनाला आणायला जाव," ती म्हणाली. "गाडी अशी चमकव का तिला नाय म्हणता येनार नाय."

झालं, पोपटच्या डोक्याला खुराक मिळाला. पेणच्या बाजारातल्या सुजयच्या दुकानात तो तीनदा जाऊन आला. मेण कुठलं घ्यावं, डब्यातली पेस्ट की बाटलीतलं लिक्विड?

"लिक्विड घ्या काका," सुजय म्हणाला. "चहा थंड व्हायच्या आत गाडी पुसून व्हते. पेस्टला हात दुखतात."

"पन टिकतं कुठलं?"

"टिकते पेस्टच. खाऱ्या वाऱ्यात तर तीच."

पोपटने पेस्ट घेतली. साहेबांच्या गाड्यांना जन्मभर घाईघाईत फडकं मारलं होतं, आता स्वतःच्या गाडीला तरी सावकाश हात लावू दे, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी तो अंगणात बसला. थोडं मेण लावायचं, सुकू द्यायचं, मऊ फडक्याने पुसायचं, मग पुढचा तुकडा. डावी बाजू अशी उजळली की तीत ठमाबाईला स्वतःचं कुंकू दिसलं. तिथे पोपटला घमेंड चढली. उजव्या बाजूला त्याने एकदमच सगळीकडे मेण फासलं आणि ऐटीत चहाला बसला.

शेजारच्या खळ्यावर भात उफणायला घेतला होता. वारा फिरला आणि सगळं तूस अंगणात आलं. पोपट कप टाकून धावला, तोवर उजवी बाजू केसाळ झाली होती. घासावं तर रंगावर चरे पडणार. त्याने कपाळाला हात लावला. ठमाबाईचा चेहरा पार उतरला. ते बघून पोपटला फारच वाईट वाटलं.

रविवारी रोह्याला पोचल्यावर त्याने गाडी मुद्दाम अशी लावली की डावी बाजू मावशीच्या दाराकडे यावी. मैनामावशी बाहेर आली, चकाकत्या पत्र्याकडे तिने एकदा पाहिलं. "बरी हाय," म्हणाली. "पन अक्का, माजं गुडघं दुखतात. पुढच्या वर्षी बघू."

ठमाबाईने मान खाली घातली. पोपट रस्ता बघायला गेल्यासारखा बाजूला झाला. तेवढ्यात मैनामावशी, मोठ्या बहिणीचं मन राखायला गाडी सगळीकडून बघावी म्हणून, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली.

"अगो! ह्यो काय?"

पोपटला धरणीत शिरावंसं वाटलं. "शेजारी उफणनी चाललीय मावशी. मेण ओलं व्हतं..."

मैनामावशीने नखाने एक तूस सोडवलं, नाकाशी नेलं. पुन्हा पुन्हा हुंगलं. मुलाने शेत विकून इमारत उठवल्यापासून तिच्या दारी खळं नव्हतं.

"तुमच्याकडं अजून खळं घालतात?" तिने हळूच विचारलं.

"दर साली," ठमाबाई म्हणाली. "उद्या आमच्या भाताची पाळी हाय."

मैनामावशी घरात गेली. आली ती पिशवी घेऊन, आणि लुगड्याचा काष्टा घट्ट खोचत. पोपट लगबगीने डाव्या बाजूचं चकचकीत दार उघडायला धावला. पण मावशी तिकडे वळलीच नाही. तिने तुसाच्या बाजूचं मागचं दार उघडलं, आत बसली आणि म्हणाली, "पुसू नको रं इतक्यात. चल."