गंगारामभाऊंचं खोडरबर

आमच्या रत्नागिरीकरांचं नुसतं पुस्तक वाचून भागत नाही, लेखकाची हजेरीही घ्यावी लागते. समासात पेन्सिलीने लिहितात: ‘भिकार’, ‘याला भाट्याच्या खाडीत बुडवा’. वाचनालयातले गंगाराम शिवलकर तेवीस वर्षं हेच खोडत आले. परत आलेलं पुस्तक साफ केल्याशिवाय कपाटात जायचं नाही. मजकूर मात्र ते कधी वाचत नसत. डाग पुसणाऱ्याने डागच बघावा, म्हणायचे.

त्या गुरुवारी आलेल्या कादंबरीत शेरा एकही नव्हता, नुसत्या बारीक बरोबरच्या खुणा. वाचनालयात नवी पुस्तकं नोंदवायचं काम माझं; ही कादंबरी नोंदवतानाच मी वाचली होती. बायकोला हळूहळू मोडणारा नवरा स्वतःच सगळं सांगतो, तेही इतक्या गोडीगुलाबीने की पुस्तक ठेवून मी हात धुतले होते. चारचौघांत हात जोडणारा, घरात तिला भरल्या ताटावरून उठवणारा, तिच्या चपला कुलपात ठेवणारा. खुणा नेमक्या याच वाक्यांपुढे. पुस्तक नवं कोरं, आजवर एकाच वाचकाने नेलेलं: भाट्याला दिलेल्या भाऊंच्या लेकीने, वेदिकाने. परत आलं ते शेजारणीच्या हाती.

भाऊंनी त्या दिवशी मजकूर वाचला. उभ्यानेच, माझ्यासमोर. एका पानावर थांबले. तिथे तो नीच माणूस सासऱ्याचं कौतुक करतो: ‘देवमाणूस! ती दोनदा माहेरी पळाली, दोन्ही वेळा स्वतः आणून सोडली.’ या वाक्यापुढे दोन खुणा होत्या.

मला भाऊंचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू? वेदिकाही दोनदा माहेरी आली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनीच मला सांगितलं होतं, “भांड्याला भांडं लागायचंच. समजूत घालून सोडून आलो.” आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती.

खोडरबर टेबलावरच राहिलं. आम्ही रिक्षाने भाट्याला गेलो. जावई, निलेश, हसत पायरीवर आला.

“या बाबा, चहा घ्या.”

“चहा नको. लेकीला न्यायला आलोय.”

वेदिका दारात आली. वडिलांच्या हातातलं पुस्तक तिने ओळखलं. ती अनवाणी होती.

“चल गो,” भाऊ कसेबसे म्हणाले.

ती जागची हलली नाही.

“पुन्हा आणून सोडणार असाल, तर येत नाही मी.”

भाऊंनी पायातल्या चपला काढल्या आणि तिच्यापुढे सरकवल्या. तिने लगेच पाय घातले नाहीत.